बाईचे धाडस आणि आपली शाबासकी

सोनकोळ्यांच्या बायका पूर्वी उजव्या हातात बांगड्या घालीत नसत. लग्नाच्या वेळी उजव्या हातातला चुडा समुद्राला द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात समुद्राने नवऱ्याला सुखरूप घरी आणायचे, असा तो करार होता. करार करणारी बाई, त्याचा भरणा करणारी बाई. होडीत मात्र तिला जागा नाही. होडी किनाऱ्याला लागली की मासळी उतरवून घ्यायची, निवडायची, सुकवायची, टोपलीत भरून बाजारात न्यायची आणि आलेला पैसा कनवटीला लावून घरचा हिशेब चालवायचा, हे सारे तिचे काम. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली बांधून झाला. तेथे भल्या पहाटे जो गलका उठतो त्यात बायकांचाच आवाज वरचढ असतो. कोळणीशी भाव करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. पण तांडेल पुरुष, खलाशी पुरुष, आणि सुकाणूला हात लावायचा तो पुरुषानेच. खाडीच्या कडेला गुडघाभर चिखलात उभे राहून कालवे आणि तिसऱ्या वेचायला बाई चालते. त्याच्या पलीकडे निळे पाणी सुरू झाले की तिची हद्द संपते.

हे आपल्याकडचेच आहे असे कोणी समजू नये. युरोपच्या अगदी पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथील गॉलवे शहराला लागून क्लॅडा नावाचा कोळीवाडा होता. तेथेही पुरुषांनी मासे धरायचे आणि बायकांनी ते गावाच्या वेशीपाशी बसून विकायचे, अशीच वाटणी होती. उत्तरेकडच्या डोनेगॉलच्या मुली हेरिंग मासळीच्या हंगामात टोळ्या करून स्कॉटलंडच्या किनाऱ्याने बंदराबंदराला जात आणि मासे चिरून, खारवून पिपांत भरीत. होड्यांच्या मागोमाग त्यांची वाट चाले, पण होडीत नव्हे. तेथल्या जुन्या कोळ्यांची समजूत अशी की समुद्रावर निघताना लाल केसांची बाई आडवी आली तर सरळ मागे फिरावे. आपल्याकडे मांजर आडवे जाते, तिकडे लाल केस आडवे जात. दोन्ही ठिकाणचे देव वेगळे, भाषा वेगळ्या आणि समुद्रही वेगळे. तरी दोघांनाही एकच गोष्ट सुचावी याला धर्म किंवा देश हे कारण असणार नाही. मला तर असे वाटते की, जेथे मरणाची भीती रोजची असते तेथे त्या भीतीला धरायला एक खुंटी लागते. वाऱ्याला दोष देता येत नाही, होडीला देववत नाही, स्वतःला तर नाहीच. मग जी होडीत नाही, जी आपली बाजू मांडायला तेथे हजर नाही, तिच्यावर अपशकुनाचे ओझे टाकणे सगळ्यात सोपे पडते.

आता अपवाद पाहू. अपवादांची एक गंमत असते. ते नियमाबद्दल नियमापेक्षा जास्त सांगून जातात.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात सोळाव्या शतकात ग्रॉन्या नावाची एक सरदारकन्या होऊन गेली. इंग्रज तिला ग्रेस ओमॅली म्हणत. तिचा जन्म १५३० च्या सुमाराचा. घराणे पिढीजात दर्यावर्दी. आख्यायिका अशी की, लहानपणी बापाने तिला गलबतावर न्यायचे नाकारले. तुझे लांब केस दोरखंडांत अडकतील म्हणाला. पोरीने केस कापून टाकले आणि येऊन उभी राहिली. पुढे तिने स्वतःची गलबते बाळगली, आपल्या पाण्यातून जाणाऱ्यांकडून जकात उकळली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडले. १५९३ साली आपला मुलगा व सावत्र भाऊ यांना कैदेतून सोडवण्यासाठी ती लंडनजवळ ग्रिनिच येथे थेट एलिझाबेथ राणीसमोर जाऊन उभी राहिली. दोघीही साठीच्या आसपासच्या. पण मला या कथेतला सर्वांत बोलका भाग निराळाच वाटतो. या बाईची माहिती आज मिळते ती मुख्यतः तिच्या शत्रूंच्या, म्हणजे इंग्रजांच्या दप्तरांतून. तिच्या स्वतःच्या लोकांनी जी मोठी बखर लिहिली तिच्यात तिचे नावही नाही. शत्रूला तिची दखल घ्यावी लागली, कारण तिने त्याचे नुकसान केले होते. आपल्या माणसांना तशी सक्ती नव्हती.

आपल्याकडे सुमती मोरारजींचे उदाहरण घ्या. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही स्वदेशी आगबोट कंपनी १९१९ साली निघाली. तिच्या कारभारात सुमतीबाईंचा वाटा फार मोठा होता, आणि १९५६ साली त्या भारतीय जहाजमालकांच्या संघाच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे एक बाई मुंबईत बसून जहाजांचे ताफे हाकते आहे. आणि त्याच काळात त्याच देशातल्या कुठल्याही व्यापारी जहाजावर एखाद्या मुलीने अधिकारी म्हणून चढायचे म्हटले तर ते कोणाच्या स्वप्नातही नाही. जहाजाची मालकी बाईला चालते, जहाजाचे सुकाणू चालत नाही! राधिका मेनन या व्यापारी जहाजावरच्या पहिल्या भारतीय महिला कप्तान होईपर्यंत एकविसाव्या शतकाचे पहिले दशक सरून गेले होते. २०१५ च्या जूनमध्ये त्यांच्या जहाजाने बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात कोळ्यांना वाचवले, त्याबद्दल पुढच्या वर्षी त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे शौर्यपदक मिळाले. बाई होडीवर आली तर होडी बुडते, असे ज्या कोळ्यांच्या कित्येक पिढ्या मानत आल्या त्यांच्यापैकीच सातजण एका बाईच्या हुकमतीखालच्या जहाजाने वर ओढून काढले. नियतीलाही कधी कधी विनोद सुचतो.

पण अपवादांची खरी मौज याच्याही खाली आहे. बायका समुद्रावर नव्हत्याच, हेच मुळी खोटे आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या बंदरातून विलायतेला जाणाऱ्या आगबोटींवर साहेबांची पोरे सांभाळायला आया जात. किती आया किती वेळा हा प्रवास करून आल्या याची गणती नाही. मडमेला बोट लागली की ती आपल्या खोलीत पडून राही. पोरांना लागली तर ती आयेच्या मांडीवर. आयेला स्वतःला लागली तर काय, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विलायतेला पोचल्यावर पुष्कळ साहेब लोक तिला तेथेच सोडून देत, परतीच्या भाड्याचे नावही नसे. अशा बायकांसाठी लंडनमध्ये एक आसरा निघाला होता आणि १९०० साली तो हॅकनी भागात आला. त्या घरावर आता, म्हणजे २०२२ साली, स्मृतिफलक बसला आहे.

आयर्लंडच्या बाजूची अशीच एक बाई व्हायोलेट जेसप. आईबाप आयर्लंडहून अर्जेंटिनात गेलेले, ही तिकडेच १८८७ साली जन्मली. बाप गेल्यावर आईने बोटीवर प्रवाशांची सेवा करण्याची नोकरी धरली, आणि पुढे मुलीनेही तीच धरली. ती जरा दिसायला बरी होती म्हणून तिला नोकरी मिळेना. तेव्हा जुनेपुराणे कपडे घालून, आपले रूप झाकून ती मुलाखतीला गेली. १९११ साली ऑलिंपिक बोटीची युद्धनौकेशी टक्कर झाली तेव्हा ती बोटीवर होती. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हाही होती. १९१६ साली महायुद्धात ब्रिटॅनिक बुडाली तेव्हा परिचारिका म्हणून तीही तिच्यावर होती. तिन्ही वेळा ती वाचली आणि पुन्हा नोकरीवर गेली. टायटॅनिकच्या नोकरवर्गाचा पगार बोट बुडाली त्या वेळेपासून बंद झाला होता, हेही सांगून ठेवतो. कारण मला जो प्रश्न मांडायचा आहे त्याच्याशी त्याचा संबंध येणार आहे.

तेव्हा असे दिसते की, बाईने समुद्रावर जाऊ नये असा नियम कधीच नव्हता. हातात पोर, कपबशी किंवा ओकारीचे भांडे असेल तर तिने खुशाल जावे. आयेमुळे आगबोट बुडेल अशी शंका कोणा साहेबाला आली नाही. अपशकुन जो काय होता तो सुकाणूपाशी होता. काम हलके, पैसा थोडा आणि हुकूम दुसऱ्याचा असेल तर समुद्राला बाईचा विटाळ नाही.

एवढे ध्यानात घेऊन आपण मणिबेलीला जाऊ.

मणिबेली हे महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचे, नर्मदेच्या दक्षिण काठावरचे आदिवासी गाव. आता ते नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात मोडते. हा जिल्हा १९९८ च्या जुलैत धुळ्यापासून वेगळा झाला. सातपुड्याच्या डोंगररांगा येथे थेट नदीत उतरतात. समुद्र येथून पुष्कळ दूर. समुद्रावरच्या बायकांच्या गोष्टीत हे गाव कोठून आले, असे वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर असे की, मणिबेलीच्या लोकांनी समुद्राकडे जायचा बेत कधी केला नाही, पाणीच त्यांच्याकडे चालून आले. सरदार सरोवर धरणाची कोनशिला १९६१ साली बसली. लवादाचा निवाडा १९७९ साली लागू झाला. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडीत क्षेत्रात धरली गेली आणि त्यांत धरणाला सर्वांत जवळचे म्हणून मणिबेलीचा नंबर पहिला लागला. १९९३ च्या पावसाळ्यात येथली घरे पाण्यात गेली. जवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळही बुडाले. पुढे गोरा येथे नवे बांधले गेले. १९९४ साली जगातल्या अनेक संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा असे सांगणारे जे पत्रक काढले, त्याला या गावाचेच नाव दिले गेले. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदाच पूर्ण उंचीला, म्हणजे १३८.६८ मीटरला, टेकले. दोनशे किलोमीटरांहून लांब असा हा जलाशय आहे. डोंगराच्या घळी होत्या तेथे आता खाड्या झाल्या आहेत. टेकड्यांची माथी बेटांसारखी वर राहिली आहेत आणि त्यांवर चार-चार, पाच-पाच घरांचे पाडे आहेत.

नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने नदी ओलांडायची नाही, असा दंडक आहे. हजारो वाटसरू तो निष्ठेने पाळतात. येथे राहणाऱ्यांना तसला दंडक पाळता येत नाही. दळणाला, बाजाराला, शाळेला, दवाखान्याला, जेथे म्हणून जायचे तेथे पाण्यातूनच जायचे. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुशाजवळ पूजेला निघालेल्या आदिवासींची होडी उलटली, आणि सणाच्या दिवशी माणसे बुडाली.

या मणिबेलीच्या शेजारी चिमलखेडी नावाचे गाव आहे. तेथे रेलू वसावे या अंगणवाडी सेविका आहेत. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली. अलिगाट आणि दादर या पाड्यांवरचे लोक एरवी होडीने अंगणवाडीत पोरे आणीत. रोगाच्या भीतीने ते येईनासे झाले. अंगणवाडीचे काम म्हणजे सहा वर्षांखालच्या मुलांचे वजन घ्यायचे, वाढ पाहायची, त्यांना आणि गरोदर बायांना पोषक आहार पोचवायचा. वजन घटत चाललेले मूल महिनाभर कोणाच्या नजरेस पडले नाही तर काय होते, हे नंदुरबार जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रेलूताईंनी एका कोळ्याकडून लहानशी होडी मागून घेतली. पोहणे आणि वल्हवणे लहानपणीच आलेले होते. एप्रिलपासून त्या सकाळी अंगणवाडीचे काम उरकीत आणि दुपारी आहाराची पाकिटे व वजनाचा काटा होडीत घालून निघत. जाऊन येऊन अठरा किलोमीटर. तेही आठवड्यातून पाच दिवस. पाड्यांवर पंचवीसएक तान्ही व अशक्त मुले आणि सात गरोदर बाया होत्या. होडी काठाला लावल्यावर पुढे चढण पायीच. घरी त्यांची स्वतःची दोन लहान मुले. पावसाळ्यात नदी फुगल्यावरही हे थांबले नाही. ही बातमी बाहेर आली तेव्हा महाराष्ट्राने आणि देशानेही त्यांचे तोंड भरून कौतुक केले, आणि ते योग्यच झाले.

आता मला जो प्रश्न पडतो तो सांगतो. या कौतुकाने नेमके काय केले?

आधी एक सोपे उत्तर बाजूला करू. कोणी म्हणेल, हे धाडस नव्हे, ही लाचारी आहे; रस्ता असता तर ती बाई कशाला वल्हवायला गेली असती? याच्या जोडीला तारिणीचे उदाहरण ठेवले जाते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली, पंचावन्न फुटांची ती शिडाची नौका घेऊन नौदलाच्या सहा तरुण अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. केप हॉर्नचे भयंकर पाणी ओलांडून, २१,६०० सागरी मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या २१ मे २०१८ ला परत आल्या. त्या मोहिमेचे नाव होते नाविका सागर परिक्रमा. तेथे निवड होती, शिक्षण होते, आपखुशी होती. म्हणून ते खरे धाडस. आणि चिमलखेडीचे ते नाइलाजाचे.

मला हा भेद पटत नाही. रेलूताईंना कोणी वल्हवायला सांगितले नव्हते. टाळेबंदीत देशातली निम्मी कामे बंद होती. लाभार्थी आले नाहीत असा शेरा नोंदवहीत मारला असता तर तो खराच ठरला असता, आणि त्यांना कोणी जाब विचारला नसता. होडी मागून आणायची हे त्यांनी स्वतः ठरवले. तारिणीवरच्या मुलींपुढे समुद्र होता आणि न जाण्याचा मार्गही मोकळा होता; यांच्यापुढेही तसेच. उलट एक गोष्ट यांच्याकडे जास्त होती असे म्हणावे लागेल. तारिणी निघाली तेव्हा वाजतगाजत निघाली, आणि परत आली तेव्हा देश वाट पाहत होता. दादर पाड्याला निघालेली होडी पाहायला कोणी नव्हते. कोणी पाहत नसताना, पुन्हा उद्या तेच करायचे आहे हे माहीत असताना केलेले काम मोजायला आपल्याजवळ चांगले माप नाही. केप हॉर्न आयुष्यात एकदा ओलांडायचे असते.

म्हणजे शाबासकी चुकीची नाही. माझी शंका निराळी आहे. शाबासकी नेहमी माणसाला मिळते. बाई किती धीराची, किती मायेची, असे आपण म्हणतो आणि आपल्याला बरे वाटते. तेवढ्यात दुसरा प्रश्न मागच्या दाराने निघून जातो. काटा आणि मूल यांच्यामध्ये नऊ किलोमीटर पाणी कोठून आले? ते देवाने घातलेले नाही. पाऊस देवाचा असेल, पण १३८.६८ हा आकडा देवाचा नाही. तो माणसांनी बैठकीत बसून ठरवला.

येथे धरणाच्या भल्याबुऱ्याचा वाद मला उकरून काढायचा नाही. कच्छ-सौराष्ट्रातल्या कोरड्या गावांना नर्मदेचे पाणी पोचले, हे खरे आहे, आणि ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा त्यामुळे उतरला तिचे सुखही खरे आहे. एकाचा हंडा उतरावा म्हणून दुसरीच्या हातात वल्हे आले, इतकेच मला दाखवायचे आहे. लवादाने जमिनीचा विचार केला. ज्याची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाते त्या कुटुंबाला निदान दोन हेक्टर तरी जमीन द्यावी, असे ठरवले. ती मिळवायला लोकांना किती वर्षे झगडावे लागले ती कथा वेगळी. जमीन मोजता येते, घर मोजता येते, झाडेही मोजता येतात. पण एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला जाणारी पायवाट कोणाच्या नावावर असते? तिचा सातबारा नाही. ती बुडाली तेव्हा कोणाचेच काही बुडाले नाही असे कागदाने धरले. मग रोज अठरा किलोमीटर वल्हवून जी बाई त्या वाटेची भरपाई आपल्या दंडांनी करते, ती कोणाचे देणे फेडते आहे?

यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, पण तिला पगार मिळतो ना!" मुद्दा बरोबर आहे, म्हणून तोही पाहू. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सुरुवातीपासून सेविकेला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कारण कागदोपत्री ती नोकर नाही, मानसेवी आहे. मराठीत हा मोठा चतुर शब्द आहे. त्यात मान आधी येतो आणि धन मागून, आणि आधीचे भरपूर दिले की मागचे थोडे दिले तरी चालते असा त्याचा व्यवहारातला अर्थ. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. सत्तेचाळीस वर्षे ज्या कामाला सेवा म्हटले ते काम आहे, हे सांगायला देशाच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत जावे लागले. शाबासकी हे मानधनाचेच भावंड आहे. दोन्हींत देणाऱ्याची पिशवी हलत नाही. टायटॅनिकवरच्या नोकरांचा पगार बोट बुडाल्याबरोबर थांबला, पण वर्तमानपत्रांतली त्यांची स्तुती थांबली नाही. ती शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

आणि सुकाणूची गोष्ट आठवा. चिमलखेडीच्या बाईने होडी घेतली तेव्हा बाईने वल्हे धरू नये, अपशकुन होतो, असे कोणी म्हणाल्याचे कानावर नाही. आदिवासी समाजात बाईच्या कष्टाला असा अटकाव फारसा नसतो, हे एक कारण असेल. पण दुसरेही आहे. ते वल्हे हाती घ्यायला दुसरे कोणी पुढे आलेलेच नव्हते. जे काम कोणाला नको असते त्याला शकुन-अपशकुन लागत नाहीत. आगबोटीवरच्या आयेला जो न्याय होता तोच येथे झाला.

याच महाराष्ट्रात बाईच्या हातातल्या वल्ह्याचे दुसरेही रूप पाहायला मिळते, म्हणून ते सांगतो. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी नावाच्या बचतगटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीत बसवून कांदळवन दाखवायला नेतात. वल्हे त्यांचे, माहिती त्यांची, आणि भाडेही त्यांच्याच गल्ल्यात पडते. ज्या खाडीच्या चिखलात त्यांच्या आयांनी वाकून तिसऱ्या वेचल्या त्याच खाडीत त्या आता ताठ बसून होडी हाकतात. त्यांना कोणी वीरांगना म्हणत नाही. फार तर, होडी चांगली चालवता हो, असे म्हणतात आणि पैसे देऊन उतरतात. मला हा व्यवहार फार आवडतो. येथे स्तुती कमी आहे, पण देणे-घेणे जागच्या जागी चुकते झाले आहे.

दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन होते. जुन्या वहीत ज्याचे त्याचे जमा-नावे मांडून मगच नवी वही उघडायची अशी रीत. दुकानदार कितीही भाविक असला तरी, अमक्याचे शंभर रुपये देणे होते, त्याची फार स्तुती केली, सबब खाते बेबाक, असे वहीत लिहीत नाही. घरातल्या सुनेने दिवाळीचा सारा फराळ एकटीने केला, पाहुण्यांनी लाडवांची वाहवा केली, आणि रात्री भांड्यांचा ढीग मात्र तिच्याचपुढे राहिला, हे चित्र तरी आपल्याला कोठे नवे आहे? वाहवा करणारे वाईट नसतात. ते मनापासून बोलतात. फक्त बोलून झाल्यावर हात धुऊन ओसरीवर जातात.

माझ्या या विचारावर एक आक्षेप असा येईल की, मग कौतुक करायचेच नाही का? रस्ता किंवा मोटारहोडी देणे माझ्यासारख्या वाचकाच्या हातात नाही. दोन चांगले शब्द तेवढे आहेत, तेही गिळायचे? नाही, गिळू नयेत. मात्र ते बोलताना आपण दुसरा प्रश्नही त्याच दमात विचारू शकतो, आणि तो विचारल्याने त्या बाईची थोरवी तसूभरही कमी होत नाही. ग्रॉन्या राणीपुढे गेली ती आपली शौर्यगाथा ऐकवायला गेली नाही. माझा मुलगा सोडा आणि मला माझ्या चरितार्थाचे परत द्या, असे ती म्हणाली. राणीने तिची तारीफ केली असेलही, पण तिच्या अर्जात तारिफेची मागणी नव्हती. रेलूताईंनीही स्वतःला कोठे वीर म्हटलेले नाही. मुलांना आहार मिळाला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सरकारला या पाण्याची वाट ठाऊक नाही असेही नाही. नर्मदेत तरंगता दवाखाना फिरला आहे, रुग्णांसाठी होड्याही आल्या आहेत. त्या कधी चालू असतात, कधी बंद पडलेल्या असतात. अक्कलकुवा हा महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ, आणि मणिबेली हे त्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. राज्याची सारी यादी या गावापासून सुरू होते. निवडणूक आली की मतदानयंत्रे, कर्मचारी आणि बंदोबस्ताचे शिपाई यांना घेऊन मोठी होडी पाणी कापत येते. तिला इंजिन असते, आणि ती वेळेवर पोचते.